तळमजल्याची खोली

काकूंना सगळी गल्ली ओळखायची, पण बहुतेकांनी त्यांना पाहिलेलं असायचं ते वरून. कोपऱ्यावरच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात त्या पँटींच्या आणि झग्यांच्या खालच्या शिवणी घालून द्यायच्या. गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं राही आणि काकू त्याच्या पायाशी बसून, ओठांत चार टाचण्या धरून, किती दुमडायचं ते बघत. ओठांत टाचण्या असल्यावर बोलणार काय? त्या नुसती मान वर करून दोन बोटांनी 'एवढं?' असं विचारत. आमच्या वस्तीत घरटी वेगळी भाषा, पण काकूंचं भाषेवाचून कधी अडलं नाही.

मी त्यांच्या खालच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहायचो. चष्म्याच्या दुकानात नोकरी, एकटा जीव. चार मजल्यांच्या त्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही तिघंच होतो: मी, काकू आणि काका. त्यामुळे नातं जोडायला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

काका प्लंबर. एक मुलगी, ती लग्न होऊन लांबच्या शहरात. तीस वर्षं त्यांनी त्या वस्तीतले नळ, टाक्या आणि मोऱ्या दुरुस्त केल्या. पाणी, गळतंय, बंद करा आणि उद्या येतो, एवढं त्यांना आठ भाषांत बोलता यायचं. "त्यातलं 'उद्या येतो' आठही भाषांत तितकंच खोटं," असं काकू म्हणायच्या. मग एका हिवाळ्यात काकांच्या पायांवर सूज आली, दोन जिने चढले की धाप लागायला लागली, आणि दवाखान्यात सांगितलं की हृदय थकलंय. काका म्हणाले, "पाइप सगळे ठणठणीत आहेत रे, मोटर गेली." दवाखान्याच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरवरून चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं, ते तिथंच राहिले. लिफ्ट नव्हती. चौदा महिने काका खाली उतरले नाहीत.

खिडकीशी खुर्ची टाकून ते दिवसभर रस्ता बघत. कोण कुठं वळलं, कुणाच्या गॅलरीतून पाणी ठिबकतंय, सगळी खबर त्यांना. मी कामावरून आलो की वर जायचो, ते मला दिवसभराचा वृत्तांत द्यायचे. तक्रार कधी केली नाही. फक्त एकदा, बोलता बोलता थांबून म्हणाले, "चपला घालून चालल्याला किती दिवस झाले असतील रे?" काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून त्या थेट घरी आल्या नाहीत. तळमजल्यावरची खोली शोधायला गेल्या.

त्यानंतर रोज तेच. सहाला दुकान सुटलं की काकू गल्लीबोळ पालथे घालायच्या. घरी आल्या की काकांना पत्ता सांगायच्या, आणि काका डोळे मिटून त्या घरात शिरायचे. "पोस्टामागचं पिवळं घर? नको. मोरीला दीड फूट उंच पायरी आहे. शिंप्याच्या शेजारचं? ती भिंत बारा महिने ओली असते, मीच हात टेकलेत तिच्यापुढं." जी घरं काकांच्या परीक्षेत पास व्हायची, तिथं काकूंची परीक्षा असायची. कुठल्या तुम्ही? घरात कुठली भाषा बोलता? स्वयंपाकाचा वास कसला येतो? एका घरमालकाला फक्त आपल्या बोलीची माणसं हवी होती. दुसरा नेमका मराठीच निघाला, काकूंना जरा बरं वाटलं, तर तो म्हणाला, "आपली माणसं नकोत बुवा, घरातली गोष्ट गावभर करतात." आणि या सगळ्यातून पार पडल्यावर शेवटी प्रश्न यायचा, घरात कोण कोण? काकू खरं सांगायच्या. आजारी माणूस म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा मिटायचा. कुणी म्हणायचं, विचार करून कळवतो. एका बाईंनी स्पष्टच विचारलं, "म्हणजे ते इथंच जाणार?"

पाच महिने असे गेले. मग काकूंना शाळेच्या बाईंचं घर सापडलं.

तीन गल्ल्या पलीकडे, दुमजली. बाई निवृत्त शिक्षिका, वर एकट्या राहायच्या आणि खालची खोली भाड्यानं देणार होत्या. पत्ता ऐकल्याबरोबर काका खुर्चीत सरसावून बसले. "ती? अगं, सोन्यासारखी खोली आहे. कुठं उंबरा नाही, पायरी नाही. आणि संडासात भिंतीला धरायची दांडी आहे. मीच बसवलीय बारा वर्षांपूर्वी, त्या बाईंचे यजमान आजारी होते तेव्हा."

काकू भेटायला गेल्या. बाईंनी नीट बसवलं, पाणी दिलं. बोलणं वस्तीतल्या त्या सगळ्यांनी मिळून मोडून ठेवलेल्या भाषेत. कुठल्या, काय बोलता, काय शिजवता, हे काहीही त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "माझी एकच अट आहे. आजारी माणूस नको. माझे यजमान खालच्या खोलीत तीन वर्षं झिजत गेले. मी तेव्हा काही बोलले नाही, सगळं केलं. पण पुन्हा नाही होणार माझ्याच्यानं. तुमच्या घरी कोण आहे?"

"मी एकटीच," काकू म्हणाल्या.

"आणि यजमान?"

"ते नाहीत."

पुढं कितीतरी दिवसांनी काकूंनी मला हे सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "अरे, 'नाहीत' म्हणजे इथं आत्ता नाहीत, असंच माझ्या मनात होतं. खोटं बोलत नाहीये असं मी स्वतःला बजावलं. पण त्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी तो हात काढून घेतला नाही. ते खरं खोटं."

घरी येऊन त्यांनी काकांना एवढंच सांगितलं, की बहुतेक जमेल. कसं जमेल ते सांगायचा धीर होईना. दोन दिवसांनी काकू दुकानात गेल्या तेव्हा त्यांचा फोन चार्जिंगला घरीच राहिला. तो वाजला आणि काकांनी उचलला.

शाळेच्या बाई होत्या. पुरुषाचा आवाज ऐकून गोंधळल्या. "तुम्ही कोण? त्या तर एकट्या राहतात म्हणाल्या."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मी शेजारी. फोन माझ्याकडे ठेवून गेल्यात."

"बरं बरं. त्यांना सांगा, पहिल्या तारखेपासून खोली त्यांची. फार गरीब वाटल्या हो स्वभावानं. यजमान कधी गेले त्यांचे?"

"झालं की," काका म्हणाले, "वर्ष होऊन गेलं."

"आणि माणूस कसा होता?"

"बरा होता. कामाला चोख. पण तिला फार सोसावं लागलं त्याच्यापायी."

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा मी तिथंच होतो. काका त्यांच्याकडं बघून हसत म्हणाले, "अगं, मी मेलो म्हणे. मला कळवायचंस तरी!"

काकू होत्या तिथं, दारातच, खाली बसल्या. खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नाही. त्या रडायला लागल्या ते थांबेचनात. काका खुर्चीतून उठायची धडपड करायला लागले, त्यांना धाप लागली, मी त्यांना धरून परत बसवलं. ते म्हणाले, "रडतेस काय? जित्याला कुणी खोली दिली नाही, मेल्याला देतायत. घेऊन टाक. तिथं दांडी आहे गं." आणि मग, थोड्या वेळानं, "मला एकदा जमिनीवर पाय टेकवू दे."

काकू पुढं त्या बाईंना खरं सांगणार होत्या. राहायला गेल्यावर, ओळख वाढल्यावर. मलाही ते पटलं. आपल्याला पटवून घ्यायचं असलं की काय पटत नाही?

पहिल्या तारखेला बाई दोन दिवसांसाठी बहिणीकडे जाणार होत्या. तोच दिवस आम्ही धरला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत काकांना बसवून पट्ट्यांनी बांधलं. खुर्चीचा एक पाय माझ्याकडे, एक दुसऱ्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याकडे, मागचे दोन बेकरीत काम करणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या दोघा भावांकडे. उचलायचं तीनच्या आकड्यावर ठरलं. पण प्रत्येकानं आपल्या आपल्या भाषेत मोजलं, कुणाचं तीन आधी आलं, कुणाचं मागून, आणि खुर्ची अशी कलंडली की काकू किंचाळल्या. काका पोट धरून हसत होते. "मोजू नका रे बाबांनो! मी शिट्टी वाजवतो, तेव्हा उचला." मग प्रत्येक जिन्याला काकांची शिट्टी. वळणावर ते आम्हाला सांगत होते, "डावीकडे डोकं सांभाळ, वाकडा पाइप आहे. मी नाही हो बसवला तो."

खाली आल्यावर टॅक्सी दारात उभी होती. काका म्हणाले, "थांबा. ठेवा मला." आम्ही खुर्ची फुटपाथवर ठेवली. काकूंनी पिशवीतून त्यांच्या चपला काढल्या, पायांत सरकवल्या. सुजेमुळे त्या नीट चढत नव्हत्या. काकांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि नुसते बसून राहिले. गाडीत जाऊन बसलेल्या टॅक्सीवाल्याला मागून कुणीतरी हॉर्न देत होतं, तो खिडकीतून हात बाहेर काढून त्याला गप्प करत होता. कुणी काही घाई केली नाही.

पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. चौथ्या मजल्यावर काकांना सगळा रस्ता होता. शाळेच्या बाईंच्या खोलीची एकमेव खिडकी मागच्या भिंतीकडे उघडायची, आणि तीही पडदा ओढून ठेवावी लागली, कारण बाई मागं कपडे वाळत घालायला यायच्या. पुढचं दार बाईंच्या जिन्याशेजारी. म्हणजे तळमजल्यावर आलेला माणूस घराबाहेर पडू शकत नव्हता. काकू दिवसभर दुकानात. काका पडद्याआड, दिवा न लावता, खोकला आला की तोंडावर उशी दाबून.

आठवडाभरात काकूंना आपण काय करून बसलो ते कळलं. "चूक झाली हो माझी," त्या म्हणाल्या.

"जमीन जवळ आहे," काका म्हणाले. "तेवढं पुरे."

बाई मंगळवारी सकाळी दहाला बाजारात जायच्या, बाराला यायच्या. माझ्या दुकानाला सुट्टी मंगळवारचीच. त्या गेल्या की मी जायचो, काकांना धरून आठ पावलं चालवत बाहेर आणायचो आणि दाराशी खुर्ची टाकायचो. पहिल्या मंगळवारी दोन तासांत निदान वीस माणसं थांबली. नळवाले! जिवंत आहात? एक म्हातारी तर वाकून त्यांचा चेहराच हातांनी चाचपायला लागली. तिच्या भाषेत ती काय बोलली ते मला कळलं नाही. काका तिला तिच्याच भाषेत म्हणाले, "उद्या येतो."

तिसऱ्या मंगळवारी बाई अकरालाच परत आल्या. पाकीट घरी विसरलं होतं. मी खुर्चीमागं उभा, काका उन्हात डोळे मिटून बसलेले. बाई फाटकाशी थांबल्या. खूप वेळ काकांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दांडी बसवली होतीत. ह्यांच्यासाठी."

काकांनी डोळे उघडले. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "हो बाई," ते म्हणाले. "घट्ट आहे अजून. मी रोज धरतो."

बाई आमच्या बाजूनं आत गेल्या आणि जिना चढल्या.

संध्याकाळी त्यांनी काकूंना वर बोलावलं. आवाज चढवला नाही. काकूंनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खोटं बोललात त्याचं मला एवढं नाही. मलाही कुणी तसं हाकललं असतं तर मीही बोलले असते. पण तीन आठवडे मला खालून खोकला ऐकू येत होता. दाबलेला. माझे यजमान शेवटी शेवटी तसेच खोकायचे, मला त्रास नको म्हणून उशी घेऊन. मला वाटलं, मला वेड लागलं. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी घेत होते."

काकू मला म्हणाल्या, "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या. यावर काय बोलू?"

बाईंनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितलं. तोवर राहा, आणि लपून राहू नका, एवढंही सांगितलं.

चौथ्या मजल्यावरचं आमच्या इमारतीतलं घर एव्हाना दुसऱ्यांना गेलं होतं. काकूंची पायपीट पुन्हा सुरू झाली. इकडे काकांचे ते एकोणीस दिवस मात्र अगदी मोकळे गेले. सकाळी काकू त्यांना दाराशी बसवून जायच्या. टॅक्सीवाला रोज दोन मिनिटं गाडी थांबवायचा. बेकरीतले भाऊ गरम पाव आणून द्यायचे. बायका गळके नळ घेऊन यायच्या, खरोखरच, पिशवीत घालून, आणि काका मांडीवर फडकं पसरून वॉशर बदलून द्यायचे. बाई वरून येता-जाता काही बोलत नव्हत्या. पण एके दिवशी ऊन फार होतं तेव्हा त्यांनी खाली येऊन खुर्चीशेजारी छत्री उभी करून ठेवली, आणि परत गेल्या.

विसाव्या दिवशी, दुपारी, काकूंनी दुकानातून तासाभराची सुट्टी घेतली. रेल्वेपुलाच्या पलीकडे एक खोली होती, मालक म्हातारा, स्वतःच काठीनं चालणारा. काकूंनी त्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं, "आम्ही दोघं आहोत. माझे यजमान आजारी आहेत, फार आजारी आहेत." तो नाही म्हणाला नाही. मुलाला विचारून उद्या सांगतो म्हणाला. काकू पूल उतरून येताना बऱ्याच दिवसांनी भरभर चालत होत्या.

त्याच वेळी काका खोलीत आडवे झालेले होते. वर बाईंना खोकला ऐकू आला, मग बराच वेळ आला नाही. त्या खाली आल्या. नंतर त्यांनीच हे सांगितलं. काका जागे होते, श्वास वरवर चालला होता. बाई त्यांच्या उशाशी बसल्या. काकांनी विचारलं, "ती आली का?" बाई म्हणाल्या, "येतेच आहे." त्यांनी रस्त्यावरच्या कुणालातरी हाक मारून गाडी बोलवायला सांगितलं. गाडी यायच्या आत सगळं संपलं होतं. पंधरा मिनिटांनी काकू आल्या. दारात माणसं बघूनच त्यांची पावलं हळू झाली. मला दुकानात फोन आला, मी पोचलो तेव्हा काकू काकांच्या पायांना हात लावून बसल्या होत्या. मला बघून त्या फक्त म्हणाल्या, "मी आधीच घालवलं होतं रे त्यांना." मी म्हटलं, "काकू, असं नसतं." पण माझं त्यांना ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

सगळं आटोपल्यावर चार दिवसांनी बाई खाली आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मी बोलले होते ते विसरा. तुम्ही राहा इथं, हवं तेवढे दिवस."

काकू सामान बांधत होत्या. त्यांनी वर पाहिलं. रागाचा लवलेश नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. "आता मला तळमजला कशाला हवा, बाई?" त्या म्हणाल्या.

दुकानाच्या माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी, मालकिणीनं त्यांना एक पलंग टाकून दिला. वर जायला लोखंडी शिडीसारखा जिना. तिथं काकू सहा वर्षं राहिल्या. मी रविवारी जायचो, त्या चहा करायच्या आणि यातलं एकेक सांगायच्या. सलग कधीच नाही. मध्येच उठून काहीतरी आवरायला लागायच्या.

शाळेच्या बाईंची खोली रिकामीच राहिली. पण बाई स्वतः मात्र दोन-तीन महिन्यांनी एकदा दुकानात येऊ लागल्या. मी एकदा तिथं असताना आल्या होत्या. हातात एक जुना झगा. त्याची शिवण आधीच व्यवस्थित होती. त्यांनी तो आत जाऊन घातला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. काकू नेहमीसारख्या पायाशी बसल्या, घडी उलगडली, आणि होती तितकीच परत दुमडली. बाईंचा हात एकदा खाली आला, काकूंच्या खांद्यावर टेकला आणि तिथंच राहिला. काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"हलू नका, बाई," त्या म्हणाल्या. "लागेल."

पुढं काकूंच्या डोळ्यांनी साथ सोडली. दोनदा मी त्यांना नंबर वाढवून चष्मा करून दिला, तिसऱ्यांदा नंबरच मिळेना. मग मुलगी येऊन त्यांना आपल्या शहरात घेऊन गेली. मुलगी चांगली आहे, जावईही. घर प्रशस्त आहे म्हणतात. मधूनमधून मी फोन करतो. काकू गल्लीतल्या एकेकाची चौकशी करतात, टॅक्सीवाल्याची, बेकरीतल्या भावांची, बाईंची. स्वतःबद्दल विचारलं तर म्हणतात, "मी मजेत. मला काय धाड भरलीय?" आणि मग फोन ठेवायच्या आधी, दर वेळी, जरा थांबून, "जेवलास ना रे?"